मागच्या चार वायरी

चौदा वर्षांपूर्वी धाकट्या भावाचं मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं. ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होतं आणि तो खंड मी आठवड्यातून एकदा तरी काढत असे. वेळेचं म्हणाल, तर छापखान्यातली प्रुफं तपासायची नोकरी संपल्यापासून माझ्याकडे वेळेशिवाय दुसरं काही नाही. तरी उत्तर गेलं नाही.

भाऊ बस चालवायचा. पत्र वहीच्या फाडलेल्या पानावर होतं, अक्षर घाईचं आणि पुढे झुकलेलं. मजकूर एवढाच:

'दादा, मी तुझ्याकडे काही मागत नाही. एकच कर. रिसीव्हरच्या मागे स्पीकरच्या चार वायरी आहेत त्या काढ आणि बटण दाब. लागला तर दोन ओळी लिही. नाही लागला तरी लिही, म्हणजे मला कळेल की मीच जाळला. मला नुसतं कळायला पाहिजे. दोन्हींतलं काही एक कळलं की झोप लागेल.'

खाली सही नव्हती, नुसता पत्ता होता.

रिसीव्हर म्हणजे एक काळी जड पेटी. तिच्यात रेडिओ असतो आणि आवाज मोठा करायची सोय असते. एका बाजूने रेकॉर्ड प्लेअर जोडायचा, दुसऱ्या बाजूने दोन स्पीकर. आमच्या घरी ती भावानेच आणली, अप्पांसाठी. अप्पा, म्हणजे आमचे वडील, आयुष्यभर शिवणकाम करत आले. मशीन चालवताना त्यांना गाणं लागायचं. पुढे डोळे गेले, मग पडून कमरेचं हाड मोडलं आणि ते मागच्या खोलीत पलंगावर आले. तेव्हा भावाने ही पेटी घेतली. दुकानात चार कंपन्यांच्या पेट्या होत्या. त्याने हीच निवडली, कारण हिच्यासोबतची माहितीपुस्तिका आमच्या छापखान्यात छापली जायची आणि तिची प्रुफं मी तपासलेली होती.

"पुस्तक दादाने तपासलंय," तो दुकानदाराला म्हणाला, "म्हणजे यंत्रात चूक निघायची नाही."

हा विनोद होता. मला तो चार दिवसांनी कळला.

रोज दुपारी चार वाजता अप्पांची रेकॉर्ड लागायची. पलंगाच्या लाकडी कडेवर ते एका बोटाने ताल धरायचे. शिवणकाम सुटून सहा वर्षं झाली होती तरी त्या बोटात अंगुस्तान, म्हणजे शिंप्याची धातूची टोपी, असायचं, त्यामुळे तालाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

एका शनिवारी भावाचे दोन मित्र आले. त्याने आवाज फार मोठा केला. मी आत वाचत होतो, मला त्रास झाला, पण बाहेर येऊन सांगायचं धाडस झालं नाही. मी दार लावून घेतलं. रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे पुस्तकांची फडताळं पुसली. दुपारी चारला रिसीव्हर लागला नाही. बटण दाबलं की आत टक् असा आवाज यायचा, लाल दिवा दोनदा मिचकायचा आणि पेटी गप्प व्हायची.

"काल रात्री जाळलास तू," मी भावाला म्हणालो.

"जळला असता तर टक् तरी वाजलं असतं का?" तो म्हणाला. "मागच्या वायरी काढून बघू दे. बसचे दिवे लागले नाहीत की आम्ही हेच करतो. एकेक वायर सोडवत जायचं, गुन्हेगार आपोआप सापडतो."

"ही बस नाही."

"नाही ना. बस असती तर एव्हाना लागली असती."

मी पुस्तिका काढली. तिच्यात 'यंत्र चालू होत नसल्यास' या मथळ्याखाली सात सूचना होत्या. प्लग घट्ट बसला आहे का पाहा. त्याच जागी टेबलाचा दिवा लावून वीज येते का पाहा. अशा एकेक. पाचवीत लिहिलं होतं की प्लग काढून यंत्र अर्धा तास तसंच ठेवा. मी घड्याळ लावून अर्धा तास बसलो. सातवी सूचना अशी, की एवढं करूनही यंत्र चालू न झाल्यास ते कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात न्यावे. वायरी काढण्याबद्दल कुठे अक्षरही नव्हतं. मी ते पान अप्पांच्या पलंगापाशी उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. सातही सूचना.

"पुस्तकात नाही म्हणून काय झालं?" भाऊ म्हणाला. "अप्पा, तुम्ही सांगा याला."

अप्पा म्हणाले, "दादा म्हणतो ते ऐक रे. छापलेलं आहे ते."

भावाने त्यानंतर पेटीला हात लावला नाही.

दुरुस्ती केंद्र दुसऱ्या गावी होतं. फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, आणून ठेवा, महिनाभर लागेल. पेटी एवढी लांब कशी न्यायची, तिथे कोणाशी काय बोलायचं, या विचारात माझे दिवस गेले. दुपारी चारला अप्पा विचारायचे, "झाला का रे सुरू?" मी म्हणायचो, "उद्या."

"तुझा उद्या फार लांब राहतो," ते एकदा म्हणाले.

असे पाच आठवडे गेले. मग अप्पा गेले. नातेवाईक बाहेरच्या खोलीत बसले होते. कोणीतरी विचारलं की शेवटी गाणं-बिणं ऐकत होते का. मी, जो चार माणसांत तोंड उघडत नाही, त्या दिवशी बोललो. म्हणालो, "याने पेटी जाळून ठेवली. शेवटचे दिवस मुके गेले त्यांचे." भाऊ दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. आठवड्याभरात बदली मागून तो बायकोसह दुसऱ्या गावी गेला आणि आठ महिन्यांनी ते पत्र आलं.

वायरी मी काढल्या नाहीत. आता मला वाटतं, पेटी लागणार नाही याची भीती मला नव्हती. ती लागली तर काय, ही भीती होती. पण तेव्हा मला असंच वाटत होतं का, हे सांगता येत नाही. स्वतःबद्दल मी जे काही आठवतो ते मला नंतर केलेल्या दुरुस्तीसारखं वाटतं.

गेल्या महिन्यात आमचं कपडे धुण्याचं यंत्र बंद पडलं आणि दुरुस्ती करणाऱ्या एक बाई घरी आल्या. चाळिशीच्या असतील, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बोलणं न थांबवता, पकड चालवत त्यांनी झपाट्याने यंत्राचा पट्टा बदलला. हात पुसताना त्यांची नजर फडताळाच्या खालच्या कप्प्याकडे गेली.

"हा रिसीव्हर बंद आहे का, काकू?"

"पंधरा वर्षं झाली," माझी बायको म्हणाली. "कोणी नेतंय का बघा. यांना विचारू नका, हे घरातली रद्दीसुद्धा वाचून ठेवतात."

"बंद म्हणजे कसा? मुळीच लागत नाही, की लागून बंद होतो?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "टक् वाजतं. लाल दिवा दोनदा मिचकतो. मग काही नाही."

"मग बरा आहे तो," बाई म्हणाल्या. "मेला असता तर टक् वाजलं नसतं. स्वतःला वाचवायला बंद होतोय. मागे कुठेतरी वायरीला वायर टेकलेली असणार."

त्यांनी पेटी पुढे ओढली, मागच्या चार वायरी सोडवल्या, प्लग लावला आणि बटण दाबलं. टक् वाजलं. लाल दिवा एकदाही मिचकला नाही, हिरवा झाला आणि तसाच राहिला.

मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण दोन मिनिटं झाली नसतील.

बाईंनी वायरींची टोकं उजेडात धरली. "हे बघा. वायरीत आत केसासारख्या बारीक तारा असतात. त्यांना पीळ देऊन मग आत घालायचं. इथे कोणीतरी तशीच खुपसलीय. एक तार बाहेर राहून शेजारच्या खाचेला टेकलीय. कोणी लावली ही?"

"आमच्या भावजींनी," बायको म्हणाली. "यांच्या धाकट्या भावाने. त्यांनीच बिघडवला होता."



"भावजींना म्हणावं, घाई कमी करा," बाई हसून म्हणाल्या. त्यांनी टोकांना पीळ दिला, वायरी परत जोडल्या आणि रेडिओ लावला. गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. दोन्ही स्पीकर खणखणीत होते. बाईंनी या कामाचं काही घेतलं नाही. म्हणाल्या, "काम केलंय कुठे? वायर तर काढली नुसती."

त्या गेल्यावरही रेडिओ चालू होता. बायको कमरेवर हात ठेवून ऐकत होती. तिला आनंद झाला होता आणि मग तो हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून गेला.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे भावजींनी जाळला नव्हता?"

"नाही."

"नुसती वायर टेकली होती."

"हो."

"त्यांनी कधी लावली वायर? पेटी तर दुकानातल्या माणसाने जोडून दिली होती. मी चहा केला होता त्याला."

मी रेडिओ बंद केला. "मी लावली," मी म्हणालो. "त्या रविवारी फडताळ पुसताना वायरी आड येत होत्या. काढल्या आणि पुसून झाल्यावर परत घातल्या."

ती खुर्चीवर बसली. "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"आत्ता कळलं."

हे पूर्ण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. वायरी काढल्याचं मला त्या रविवारी संध्याकाळीच आठवलं होतं. आठवलं आणि मी ते बाजूला ठेवलं. काढलेली गोष्ट परत लावली तर त्यात सांगण्यासारखं काय, असं स्वतःला म्हणालो.

मग मी उठून शब्दकोशाचा दुसरा खंड काढला आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं. तिला या पत्राची काहीच माहिती नव्हती. भावाच्या बायकोशी, म्हणजे तिच्या जावेशी, ती महिन्यातून एकदा फोनवर बोलते. भाऊ आता निवृत्त आहे, त्याला साखर आहे, झोप लागत नाही म्हणून गोळी घेतो, हे सगळं मला तिच्याकडूनच कळायचं.

"झोप लागत नाही म्हणते ती," बायको म्हणाली. "मी तिला दूध प्यायला सांगत होते."

मी उभाच होतो.

"उत्तर काय दिलंत?"

"दिलं नाही."

"चार वायरी काढायच्या होत्या हो. तुम्हाला पानं उलटायला जेवढा जोर लागतो तेवढासुद्धा लागला नसता." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "आणि अप्पा पाच आठवडे विचारत होते. मी रोज ऐकत होते ते 'उद्या, उद्या'. मला वाटायचं, बिचारे प्रयत्न करतायत."

"लिहितो," मी म्हणालो.

"फोन करा. आत्ता."

"फोनवर मला जमणार नाही. त्याने लिहून विचारलंय."

"तुम्हाला तोंडाने काही जमलंय का कधी? एकदा जमलं, तेही त्या दिवशी, सगळ्यांसमोर." एवढं बोलून ती आत गेली.

लिहायला बसण्याआधी मला एक शंका आली. एवढी साधी गोष्ट त्या बाईंना माहीत होती, बस चालवणाऱ्या भावाला सुचली होती, मग कंपनीला कशी माहीत नव्हती? पुस्तिका फडताळातच होती. मी ते पान पुन्हा वाचलं. सात सूचना, वायरींचं नाव नाही. छापखान्यात तपासलेल्या प्रत्येक कामाच्या प्रुफांचा एक संच मी घरी आणून ठेवायचो. कशासाठी, ते विचारू नका. मला वाटायचं, उद्या कोणी चूक दाखवली तर आपल्याकडे पुरावा असावा. माळ्यावर अकरा गठ्ठे होते. सहाव्यात ते प्रूफ सापडलं.

तिथे आठ सूचना होत्या. सातवी अशी: 'स्पीकरच्या सर्व वायरी काढून यंत्र चालू करून पाहावे. चालू झाल्यास वायरींची टोके एकमेकांस टेकलेली आहेत का ते तपासावे.' तिच्यावर लाल पेन्सिलची आडवी रेघ होती. आठवीला सात आकडा दिला होता. समासात माझं अक्षर होतं: 'पान भरते. ही काढावी.'

ते काम मला आठवलं. दोन ओळी पानाबाहेर जात होत्या. दोन ओळींसाठी पान वाढवायचं तर व्यवस्थापकांना विचारावं लागलं असतं, त्यांनी कंपनीला विचारलं असतं. त्यासाठी त्यांच्या खोलीचं दार वाजवावं लागलं असतं. आत कोणीतरी बसलेलं होतं, हसण्याचे आवाज येत होते. मी दारापर्यंत गेलो होतो. मग परत येऊन रेघ मारली. प्लग आणि दिव्याच्या सूचना मला समजत होत्या, ही समजली नव्हती, म्हणून हीच काढली असावी.

प्रूफ हातात घेऊन मी माळ्याच्या शिडीवर किती वेळ बसलो कोण जाणे. खालून बायकोने विचारलं, "पडलात का?" मी म्हणालो, "नाही."

त्या दिवशी मी पत्र लिहिलं. रिसीव्हर लागला, वायर टेकली होती, वायर मी लावली होती, तू काही जाळलं नाहीस, नातेवाइकांसमोर मी बोललो ते खोटं होतं. एक पान झालं. अक्षर चांगलं आलं. पुन्हा वाचलं आणि मला त्यात समाधान वाटायला लागलं, म्हणून शंका आली.

प्रुफाबद्दल मी लिहिलं नव्हतं. त्याने एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर आलं होतं. छापखाना बंद होऊन नऊ वर्षं झाली. त्या रेघेबद्दल या जगात मला एकट्याला माहीत होतं. तिच्यामुळे आता काय बदलणार होतं? मी पत्र पाकिटात घातलं, पत्ता लिहिला आणि ते दोन दिवस टेबलावर राहिलं. बायको येता-जाता पाकिटाकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता कशाला अडलंय?"

"अप्पा त्याला म्हणाले होते, छापलेलं आहे ते ऐक," मी म्हणालो.

"मग?"

"त्यांनी माझी बाजू घेतली नव्हती. पानाची घेतली होती. त्याला मात्र वाटलं असणार, अप्पांनी दोघांत मला निवडलं."

"असंच वाटतं त्यांना. जाऊ सांगते कधीकधी. अप्पांचा शेवटपर्यंत थोरल्यावरच विश्वास, असं म्हणतात म्हणे."

मी तिला प्रूफ दाखवलं. तिने रेघ पाहिली, समासातलं माझं अक्षर पाहिलं आणि कागद खाली ठेवला. ती काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो. ती म्हणाली, "माझ्याच्याने आता तुम्हाला काही बोलवत नाही," आणि उठून कपडे वाळत घालायला गेली.

मी पाकीट फोडलं. दुसरा कागद घेतला आणि कच्चं न करता लिहिलं:

'तू म्हणत होतास ते पुस्तकात होतं. कंपनीने लिहिलं होतं. छापण्याआधी ते मी काढलं, कारण पान भरत होतं आणि साहेबांना विचारायला मला संकोच वाटला. अप्पांना मी जे पान वाचून दाखवलं ते मीच अर्धवट केलेलं होतं. त्यांनी त्या पानावर विश्वास ठेवला. तुझ्यावर अविश्वास दाखवला नाही. वायरी काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तुझं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही याला कारण नाही. प्रूफ सोबत पाठवतो आहे, ते तुझ्याकडे राहू दे.'

'क्षमा' हा शब्द दोन ठिकाणी लिहिता आला असता. ती मागितली की द्यायचं ओझं पुन्हा त्याच्यावरच पडतं, असं वाटून लिहिला नाही. कदाचित हेही माझं नेहमीचं संकोचणं असेल. मला ठरवता येत नाही.

प्रूफ घडी करून घातल्यावर पाकीट जाड झालं, म्हणून टपालपेटीत न टाकता टपाल कचेरीत गेलो. रांगेत माझ्यापुढे तीन माणसं होती. एकाला फार वेळ लागला आणि मी दोनदा परत फिरायचा विचार केला. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट काट्यावर ठेवलं.

"आत काय आहे?"

"पत्र."

"एवढं जाड?"

"उशीर झालाय," मी म्हणालो. त्याला ते उत्तर पटलं की नाही माहीत नाही. त्याने तिकिटं दिली, मी ती चिकटवली. त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.

"पुढचे," तो म्हणाला, आणि मी बाजूला झालो.